पाहुण्याच्या हातातली टोपली

गार्सास, मंगळवार
सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं (घड्याळ मीच दुरुस्त केलेलं आहे, तेव्हा वेळेबद्दल शंका नको)

आदरणीय कोम्पाद्रे वेन्सेस्लाओ यांना बासिलिओचा, उन्हानं करपलेल्या पण अजून ताठ असलेल्या मानेनं केलेला नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे असं आधी लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात तुम्ही नुसतंच 'गुडघा' लिहिलंत, पण नाताळात तुम्ही डावा पाय ओढत होतात हे मी पाहिलं होतं.) खोगिरांची कामं येतात की तरुण मंडळी मोटरसायकलीच घेतात? तुम्ही माझ्या दिवंगत बायकोचे, ओफेलियाचे थोरले भाऊ, म्हणजे आमच्या मुलीचे, नोएमीचे मामा. त्यातून बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला हातांत घेऊन उभे राहिलात म्हणून तिचे धर्मपिता आणि माझे कोम्पाद्रे. एवढी नाती असलेल्या माणसाला फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "बासिलिओ, मुद्द्यावर ये" म्हणता, आणि ही हकीकत सरळ रस्त्यानं मुद्द्यावर येणारी नाही. टपाल आठ दिवस खातं, म्हणून हे पाकीट तुमच्या बाजूच्या बसच्या चालकाच्या, रोहेलिओच्या हाती देतो आहे.

तर परवा रविवारी तुमच्या डोंगरातले, सान ओनोफ्रेचे सेन्योर क्रिसोफोरो आमच्या गावी आले. कॉफीचा मळा आहे, बायको चार वर्षांपूर्वी गेली, आणि इथल्या दवाखान्यात सुया टोचणारा हासिंतो हा त्यांचा एकुलता एक मुलगा. हासिंतो आणि नोएमी यांचं काय चाललं आहे ते इथल्या पेलिकनांनासुद्धा ठाऊक आहे, त्यामुळे त्याचे वडील कशासाठी येताहेत हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलीचा हात मागायला. होकार झाला तर हासिंतो बदली घेऊन डोंगरात परत जाणार आणि नोएमी त्याच्याबरोबर जाणार, म्हणजे बसनं साडेतीन तास (रोहेलिओ चालवत असला तर तीन, पण तेव्हा प्रार्थनेची माळ जवळ ठेवावी). सव्वीस वर्षांची मुलगी आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं. नव्हतीच.

बसथांब्यापासून आमचं घर दोनशे बारा पावलं. (माझी पावलं, रोहेलिओची दोनशे चाळीस होतील, तो बुटका आहे.) घरी नोएमीनं पहाटेपासून माशाच्या डोक्यांचं सूप चढवलं होतं आणि ओफेलियाचं भरतकामाचं टेबलकापड काढलं होतं. बस चाळीस मिनिटं उशिरा आली. सेन्योर क्रिसोफोरो उतरले ते आमच्या या उकाड्यात खांद्यावर लोकरीची घोंगडी, डोक्यावर जाड हॅट आणि उजव्या हातात वेताची मोठी टोपली घेऊन. टोपलीवर फुलं काढलेलं कापड. मी पुढे होऊन स्वागत केलं. त्यांनी टोपली जराशी पुढे केली. मी त्यांचा डावा हात हातात घेऊन हस्तांदोलन केलं. आता तुम्हाला माहीत आहे की आम्हा किनाऱ्याच्या लोकांत पाहुण्याच्या हातातल्या वस्तूला यजमानानं हात लावायचा नसतो. 'काय आणलंस ते दे' असं म्हटल्यासारखं होतं. लहानपणी एकदा मी पाहुण्याची पिशवी धरायला गेलो तर आईनं लाकडी डाव माझ्या एका बोटावर असा मारला की पुढे इंजिनाच्या कामात ते बोट मला नेहमी उपयोगी पडलं. वाकडं असल्यामुळे ते कुठेही शिरतं.

सरळ घरीच नेणार होतो. पण चालता चालता समजलं की या माणसानं साठ वर्षांत समुद्र पाहिलेला नाही. मग म्हटलं, आधी थोडं गाव दाखवू, भूकही लागेल. घर कुठे पळून जात नव्हतं.

पहिला मुक्काम धक्क्यावर, तोमासाच्या कालवांच्या टेबलाशी. तिनं कालव फोडलं, वर लिंबू पिळलं आणि शिंपला पाहुण्यांच्या डाव्या हातात दिला. ते बराच वेळ आत पाहत राहिले. म्हणाले, "हे हललं." तोमासा म्हणाली, "हलणारच. न हलणारं मी गिऱ्हाइकाला देत नाही, नवऱ्याला देते." त्यांनी डोळे मिटून गिळलं, मग आणखी सात गिळली. (आठवं लहान होतं, ते मी बदलून घेतलं.) हे सगळं डाव्या हातानं. तोमासा म्हणाली, "आजोबा, टोपली ठेवा की टेबलावर. माझं टेबल चावत नाही." तर ते म्हणाले, "ही कुठे टेकवायची नसते, बाई. हातातून हातात जायची असते." आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आत अंडी असतील.

तिथून बाजारात. तिथे आमची ती कच्ची कोळंबी, लिंबाचा रस, हिरवी मिरची आणि काकडी, खाली कुरकुरीत भाजलेली मक्याची भाकरी. सेन्योर क्रिसोफोरोंनी ताटलीत पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "आज चूल पेटली नाही का?" मी सांगितलं की ही लिंबाच्या रसातच शिजते. "किती वेळात?" म्हटलं, "आपण बोलतो आहोत तेवढ्यात." ते म्हणाले, "मग आणखी थोडं बोला." मी बोललो. होडीच्या इंजिनाचं काम मी कुणाकडेही न शिकता कसं शिकलो ते सांगितलं: चौदाव्या वर्षी वडिलांचं इंजिन पूर्ण उघडलं आणि सोळाव्या वर्षी पूर्ण जोडलं. (मधली दोन वर्षं वडील वल्ह्यानं मासेमारी करत होते. त्यांचे खांदे शेवटपर्यंत उत्तम राहिले.) कोळंबी तोपर्यंत इतकी शिजली की चामडं झाली, पण पाहुण्यांनी संपवली. तीही डाव्या हातानं.

इथे माझ्या लक्षात आलं की या गृहस्थांचा उजवा हात निकामी असणार. टोपलीच्या कडीत बोटं कायमची आकडून बसलेली असणार आणि लाज झाकायला हा माणूस टोपली बाळगत असणार. मी विचारलं नाही. विचारणं असभ्यपणाचं. फक्त हा दोष घराण्यात उतरतो की काय म्हणून हासिंतोचे दोन्ही हात मनातल्या मनात तपासले. सुई तो उजव्यानंच देतो हे मला स्वतःच्या अनुभवानं (कुठल्या जागेच्या, ते लिहीत नाही) माहीत आहे. समाधान झालं. पुढे दिवसभर मी त्यांच्यासाठी भाकरी मोडून दिली, शहाळं धरलं, एकदा मिशीवरची कोथिंबीरसुद्धा काढली. त्यांनी हॅट उचलून आभार मानले, पण चेहऱ्यावर एक कोडं पडल्यासारखं दिसत होतं.

अकराच्या सुमाराला टोपली ठिबकू लागली. तपकिरी, घट्ट. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं (माणसाची अडचण त्याच्याजवळच राहू द्यावी), पण कुत्र्यांना एवढी सभ्यता कोण शिकवणार? बाजारातून निघताना आमच्यामागे तीन होती, धक्क्यावर परत येईपर्यंत सात. तिथे तोमासानं लांबूनच हाक मारली, "बासिलिओ, तुझी पोरगी विचारतेय, सूप गरम करू की टाकून देऊ?" म्हटलं, "गरम कर म्हणावं!" ती ओरडली, "तिसऱ्यांदा करतेय ती!" मी पाहुण्यांना म्हटलं, डोक्यांचं सूप जितकं उकळावं तितकं चांगलं. आणि त्यांना होडीत बसवलं. बगळे न पाहता आमच्या गावाहून कुणी परत गेलेलं नाही.

खाडीत शिरलो, दोन्ही बाजूंनी तिवरं, ऐन मध्यावर इंजिन बंद. कोम्पाद्रे, माझं इंजिन. एकवीस वर्षांत जे एकदाही बंद पडलेलं नाही. मी आधी प्लग काढला, पुसला, लावला. मग कार्ब्युरेटर उघडून प्रत्येक भाग क्रमानं फळीवर मांडला आणि प्रत्येकाचं काम पाहुण्यांना समजावून सांगितलं. होडीच्या तळाशी पाणी होतं, म्हणून ते टोपली डोक्यावर घेऊन बसले होते आणि ते तपकिरी ओघळ त्यांच्या कानामागून घोंगडीत उतरत होते. एक मगर आली, तिनं आम्हा दोघांना पाहिलं, टोपलीकडे जरा जास्त पाहिलं आणि निघून गेली. चाळीस मिनिटांनी सेन्योर क्रिसोफोरो हळूच म्हणाले, "रागावू नका. कॉफी धुवायच्या पंपाला आमच्याकडे असाच एक कॉक आहे. तो आडवा असला की पाणी येत नाही. हा तुमचा आडवा आहे." पेट्रोलचा कॉक बंद होता. मी तो उभा केला आणि परत येईपर्यंत बगळ्यांविषयी काहीही बोललो नाही.

दुपारी चेपेच्या मांडवात तांबोशी. पावणेदोन किलोची, पाठीतून फाडून उघडलेली, लाल मसाला चोळून जाळीत धरून तिवराच्या लाकडावर भाजलेली. (चेपे मसाल्यात मोहरी घालतो ते मला मान्य नाही आणि मी त्याला दर रविवारी सांगतो. तो म्हणतो, "मग तू दर रविवारी येतोस कशाला?" "सांगायला," मी म्हणतो.) मासा व्हायला तास लागतो. तेवढ्या वेळात पाहुणे विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून, टोपली खांद्यावर घेऊन समुद्रात जाऊन उभे राहिले. सात कुत्री वाळूवर रांगेत बसली. पाव तासानं त्यांनी वळून मला विचारलं, "हे असंच चालू असतं? रविवारीसुद्धा?" म्हटलं, रविवारीसुद्धा. ते म्हणाले, "ओफेलियाबाईंना डोंगरातून इथे आल्यावर झोप लागायची का?" मी म्हटलं, पहिलं वर्षभर नाही. नंतर डोंगरात गेल्यावर लागेना.

मासा खाताना ते खूप बोलले, पण लग्नाचा शब्द नाही. घरातल्या एका खिडकीबद्दल बोलत राहिले. पूर्वेकडच्या खोलीला नवी खिडकी पाडली, काच तालुक्याहून आणली, खोगिराच्या गादीत गुंडाळून खेचरावरून आणली, तडा गेला नाही. खिडकीतून सकाळी कॉफीची झाडं दिसतात आणि हवा स्वच्छ असेल तर फार लांब एक निळी रेघ दिसते. हासिंतो म्हणतो, तोच समुद्र. "इतके दिवस मला पटत नव्हतं," ते म्हणाले, "आज पाहिल्यावर पटलं. रंग तोच आहे." मी त्यांना काचेच्या कडेला कोणती पुट्टी वापरली ते विचारलं. त्यांनी सांगितलं. ती चुकीची आहे. मी बरोबर कोणती ते कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद डाव्या हातानं घडी करून हॅटमध्ये ठेवला, आणि टोपली पुन्हा एकदा माझ्या दिशेनं, टेबलाच्या वरून, माशाच्या काट्यांवरून, अशी धरली. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट खालून सावरलं. मला वाटलं, बिचाऱ्याचं दुखणं उफाळलं. मी चेपेला लिंबूपाणी आणायला सांगितलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी परतीची बस. चढण्याआधी सेन्योर क्रिसोफोरोंनी हॅट काढली. म्हणाले, "आमच्याकडे 'नाही' म्हणायला पाच मिनिटं लागतात, सेन्योर बासिलिओ. तुम्ही त्यासाठी सबंध दिवस काढलात, आठ ठिकाणी खाऊ घातलंत, मिशीवरची कोथिंबीर काढलीत. एवढ्या मानानं मला कधी कुणी परत पाठवलं नव्हतं." आणि टोपली घेऊन चढले. मला वाटलं, डोंगरातली आभार मानायची तऱ्हा असेल. (ठिकाणं सहाच झाली होती. पण निरोपाच्या वेळी दुरुस्ती करू नये.)

घरी गेलो. नोएमी दारात उभी. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "टोपली?" "पाहुण्यांकडे," मी म्हटलं. ती आत गेली, टेबलकापडाची घडी केली आणि सूप कुत्र्यांना घातलं. कुत्र्यांनी खाल्लं नाही, त्यांना गोडाची चटक लागली होती. तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, "मीठ बरोबर आहे का?" विचारते, आणि बस. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओफेलिया ओरडायची तेव्हा निदान कुठला भाग बिघडला आहे ते कळायचं.

काल, सोमवारी, मला उलगडा झाला. ती तुमच्या डोंगरातली रीत म्हणे: मुलाचा बाप टोपलीत पाव आणि चॉकलेटच्या वड्या घेऊन येतो. तोंडानं मागायचं नाही. टोपली खाली टेकवायची नाही. मुलीच्या बापानं ती आपण होऊन हातातून घेतली की होकार, आणि दिवस मावळेपर्यंत घेतली नाही की नकार. आता तुम्हीच सांगा, माझी चूक कुठे आहे? त्यांची रीत म्हणते, घे. आमची रीत म्हणते, हात लावू नकोस. दोन सभ्य माणसं एकत्र आली की असंच व्हायचं. आणि खरं म्हणजे दोष तुमचा आहे, कोम्पाद्रे. तीस वर्षांत ही रीत तुम्ही मला एकदाही सांगितली नाहीत. (सांगायला मी जागाच ठेवली नव्हती, हे मान्य. ओफेलिया रात्रीत माझ्या मागून निघून आली आणि तुम्ही अकरा महिने माझ्याशी बोलला नाहीत. साडेअकरा.)

असो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी लावा, मलम नको.

तुमचा,
बासिलिओ

ता. क. रोहेलिओकडे पाकिटाबरोबर सुकवलेल्या कोळंबीची पिशवीही दिली आहे. वजन करून घ्या. मागच्या वेळी मूठभर कमी निघाली होती आणि त्याची मिशी चमकत होती.

ता. क. २. एक लहानसं काम. हासिंतोनं चौकशी केली तेव्हा कळलं की नकार आलेली टोपली नऊ दिवस तुळईला टांगून ठेवतात. तेवढ्या दिवसांत मुलीच्या बाजूचं कुणी, बाप नाहीतर धर्मपिता, त्यांच्या दारी जाऊन ती उतरवून घेईल तर नकार मोडतो. नववा दिवस येत्या सोमवारी. सान ओनोफ्रे तुमच्यापासून नव्या रस्त्यानं चाळीस मिनिटं. तुम्ही तिचे धर्मपिता आहात. जा आणि टोपली घ्या. पाव आता खायच्या लायकीचा नसेल, तरी तिथेच एक तुकडा मोडून खा, असं हासिंतो म्हणतो. दात सांभाळा.

ता. क. ३. वर एके ठिकाणी मी चुकीचं लिहिलं आहे आणि चुकीचं लिहिलेलं मला ठेववत नाही. रीत मला सोमवारी कळली नाही. त्याआधीच्या गुरुवारीच कळली होती. नोएमीनं मला समोर बसवून दोनदा सांगितलं, आमच्या घरातली बटाट्यांची टोपली हातात घेऊन करूनही दाखवलं: ते पुढे करतील, बाबा, तुम्ही दोन्ही हातांनी घ्यायची. मी तिला म्हटलं, एवढं काय त्यात, मी इंजिनं उचलतो. आणि बसमधून उतरल्यावर त्यांनी ती पुढे केली तेव्हा माझे हात उठले नाहीत. म्हटलं, कालवं झाल्यावर घेऊ. मग म्हटलं, कोळंबी झाल्यावर. खाडीतून घरामागच्या पायऱ्यांशी उतरता येतं, तिथून स्वयंपाकघर नऊ पावलं. म्हणून तिथे पोहोचायच्या आधीच पेट्रोलचा कॉक मीच बंद केला. (हे मुख्यतः अशासाठी सांगतो की बासिलिओ कॉक उघडायला विसरला अशी गोष्ट डोंगरात पसरू नये.) त्या माणसाचा हात धडधाकट आहे, कोम्पाद्रे. दहा तास त्यानं तो असा धरला होता, आणि मी समोर बसून पुट्टीचं नाव लिहून देत होतो. ओफेलिया माझ्याबरोबर निघून आली त्या सकाळी तुमचे वडील गोठ्यात जाऊन बसले आणि दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत, असं तुम्ही एकदा सांगितलं होतंत. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा हट्टी आहे.

ता. क. ४. वर मंगळवार लिहिलं आहे, पण आज गुरुवार आहे. दोनदा पाकीट घेऊन बसथांब्यापर्यंत गेलो आणि दोनदा घेऊन परत आलो. रोहेलिओ म्हणाला, "काका, देताय की हवा खायला आणता त्याला?" आता बस उभी आहे, भोंगा इथपर्यंत ऐकू येतो. नोएमीला पाकिटात काय आहे ते मी सांगितलेलं नाही, पण ती दारात येऊन उभी राहिली आहे आणि म्हणते आहे, "द्या इकडे, मी नेऊन देते." हात पुढे केला आहे. शाई वाळू देतो, एवढं म्हटलं. वाळली आहे. देतो आहे.